रविवारचा आवाज, सोमवारचा आवाज: ख्रिस्ती जगण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझे नाहीत. आमच्या मंडळीच्या तरुण संघात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. ज्याला तोंडानं विचारायची लाज वाटते त्यानं चिठ्ठी लिहून त्यात टाकायची, खाली नाव लिहायचं नाही. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) बँकेतली नोकरी करता करता मी बावीस वर्षं हा संघ आणि शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, सांभाळली. चिठ्ठ्यांत तेच ते प्रश्न फिरून फिरून येत, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, मंडळीची नाहीत. त्यातली दोन-तीन आमच्या पाळकसाहेबांना पटणार नाहीत हेही ठाऊक आहे.

साक्ष देणं म्हणजे नक्की काय? मला माइक हातात घ्यायची भीती वाटते.

आपल्याकडे साक्ष म्हटलं की उपासनेत उभं राहून बोलणं डोळ्यांपुढे येतं. ‘तापानं फणफणलो होतो, डॉक्टरांनी हात टेकले होते, प्रभूनं उठवलं.’ त्यात वाईट काही नाही. पण साक्ष हा शब्द मुळात न्यायनिवाड्यातला, आणि आपण माणूस म्हणून कसे आहोत याची साक्ष आपणच देऊन भागत नाही. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी द्यायची असते.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी एका नाताळात मुलांचा कार्यक्रम बघायला चर्चमध्ये आल्या होत्या. त्या दिवशी शास्त्रवाचन आणि प्रार्थना माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कढई घासता घासता, मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘काल तुमचा आवाज लई मऊ लागला, दादा. मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय.’ टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. आदल्याच आठवड्यात दुधाचं पातेलं करपलं म्हणून मी त्यांच्यावर असा ओरडलो होतो की शेजारच्या बाई खिडकीत आल्या होत्या. मी पेपर तोंडापुढे धरला आणि बराच वेळ एकच ओळ वाचत बसलो.

तेव्हापासून साक्ष या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ ठरून गेला: मावशींना विचारलं तर त्या काय सांगतील? माइकची भीती वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

येशू एकीकडे म्हणतो तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, आणि दुसरीकडे म्हणतो उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. मग करायचं काय?

डब्यातली ही सगळ्यात हुशार चिठ्ठी होती. दोन्ही वाक्यं डोंगरावरच्या प्रवचनातली, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या आणि सहाव्या अध्यायांतली. मध्ये जेमतेम पानभर अंतर. म्हणजे ऐकणाऱ्यांनी ती एकाच बैठकीत ऐकली असं मत्तय सांगतो, आणि त्यांनाही हाच प्रश्न पडला असणार.

माझ्या आजोळी भिंतीत देवळी होती आणि तीत संध्याकाळी चिमणी लागायची. त्या चिमणीकडे कोणी टक लावून बघत बसल्याचं मला आठवत नाही. तिच्या उजेडात ताटातली भाकरी दिसायची, कोपऱ्यातला विंचू दिसायचा, आजीला सुईत दोरा ओवता यायचा. येशू ज्या दिव्याबद्दल बोलतो तोही असाच घरगुती आहे, दिवठणीवर ठेवलेला, घरातल्या सगळ्यांना उजेड देणारा. लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत आणि स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा, असं पाचव्या अध्यायातलं वाक्य संपतं. तुमचा गौरव करावा, असं तिथे नाही. सहाव्या अध्यायात रागवलंय ते कर्णा वाजवून दान करणाऱ्यांना.

आता आमच्या चर्चमधल्या पंख्यांकडे बघा. प्रत्येक पात्यावर लाल रंगात ‘अमुक-तमुक यांच्या स्मरणार्थ, कुटुंबीयांकडून सप्रेम भेट’. बाकांच्या पाठींवरही तेच. आमच्या घराण्याचाही एक बाक आहे, तेव्हा मी कोणाला हसत नाही. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, एवढंच काय ते त्यात शास्त्राला धरून आहे.

एक उपाय सुचवतो, फार आध्यात्मिक नाही. महिन्यातून एखादं काम असं करा की जे कोणालाच सांगता येणार नाही, बायकोला किंवा नवऱ्यालासुद्धा. मग ते सांगावंसं किती वेळा वाटतं ते मोजा. मला पहिल्या दिवशीच तीनदा वाटलं होतं.

बाहेर सगळे मला चांगलं म्हणतात. घरी मात्र चिडचिड, आरडाओरडा. मी ढोंगी आहे का?

निरनिराळ्या हस्ताक्षरांत सर्वांत जास्त वेळा आलेली चिठ्ठी हीच.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आपण दर रविवारी गातो. त्यांच्या घरातलं कसं होतं हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्या पत्नीनं ते लिहून ठेवलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. नवरा जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. एखादी विधवा बाई थोर नवऱ्याची आरती ओवाळत बसली असती. लक्ष्मीबाईंनी त्यांचा शीघ्रकोप लिहिला, विसराळूपणा लिहिला, हातात पैसा न टिकणं लिहिलं, आणि हसत हसत लिहिलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी माझं हे पान सोडून आधी ते वाचावं.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला. लक्ष्मीबाईंवर तो डोंगर कोसळल्यासारखा होता. चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले, पदरी लहानगा दत्तू. पुढे त्या नगरला आल्या तरी आपलं सोवळं सांभाळून होत्या. १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. आता बघा, या माणसाचे सगळे दोष सर्वांत जवळून पाहिलेली ही बाई, आणि शेवटी तिनंच त्याचा मार्ग धरला. प्रवचनं तर तिनं पहिल्या दिवसापासून ऐकली असतील. माझा अंदाज असा की टिळक जे बाहेर बोलत ते घरात करत, वेंधळेपणानं का होईना. जात नाही म्हणाले, तर निराधार पोरं स्वतःच्या पंगतीला आणून बसवली. आणि राग आला तर तो लपवून ठेवण्याची कला त्यांच्याजवळ नव्हतीच.

शुभवर्तमानांत ढोंग्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ नट. चिडका माणूस नट असतोच असं नाही. चिडतो आणि रात्री जेवताना ‘सकाळी माझं चुकलं’ म्हणतो, तो नुसता चिडका. चिडतो आणि रविवारी सहनशीलतेवर संदेश देतो, तो नट. मी बरीच वर्षं दुसऱ्या प्रकारात होतो.

ऑफिसमध्ये गणपतीची वर्गणी मागतात, प्रसाद देतात. घ्यावा का?

मंडळ्यामंडळ्यांत यावर मतभेद आहेत आणि ते मिटणार नाहीत. करिंथच्या मंडळीत प्रेषित पौलापुढे हाच प्रश्न आला होता, मूर्तीपुढे वाहिलेल्या मांसाबद्दल. त्याचं उत्तर पहिल्या करिंथकरांसच्या आठव्या अध्यायात आहे: अन्नानं आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही, पण माझ्या खाण्यानं माझ्या दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर मी खाणार नाही. म्हणजे ताटाकडे बघण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघ, असं त्याचं सांगणं.

मी वर्गणी देत असे, प्रसाद घेत असे, आरतीचं तबक हातात घेत नसे. बँकेत कोणी कधी आग्रह केला नाही. आमची मंडळी, म्हणजे घरातली, प्रसाद घेत नाही. ती हात जोडून नको म्हणते. चाळीस वर्षांच्या संसारात यावर आमचं एकमत झालेलं नाही. नाताळचा फराळ मात्र दोघं मिळून भरतो. करंज्या, शंकरपाळी, अनारसे, केकचा तुकडा, असे डबे अख्ख्या शाखेला जात, आणि कोणत्याही सहकाऱ्यानं ते देवापुढे ठेवले होते का असं विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते. प्रसादाच्या पेढ्यावर तास-तास वाद घालणाऱ्या आपल्या मुलांकडून टेबलाखालच्या पाकिटाबद्दल बावीस वर्षांत एकही चिठ्ठी आली नाही.

हातून चूक झाली असेल तर? देवाकडे क्षमा मागितली की पुरे ना?

जक्कयाची गोष्ट शब्बाथशाळेत आपण झाडावर चढलेला बुटका माणूस म्हणून शिकवतो. पोरांना उंबराचं झाड काढायला लावतो. पण लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला खरा भाग तो झाडावरून उतरल्यानंतरचा. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून घेतलं त्याला चौपट परत. यरीहोचा जकातदार होता तो, आकडे त्याला चांगले कळत होते. ‘आज या घराला तारण झालं’ असं येशू म्हणतो ते हे आकडे ऐकल्यावर.

आणि मत्तय पाचमध्ये तर आणखी अवघड आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ऐकणारे गालीलचे, वेदी यरुशलेमात. पायी तीन-चार दिवसांची वाट. म्हणजे अर्धवट ठेवून घरी जा, माफी माग आणि पुन्हा ये. समोर बसलेल्या लोकांनी मनातल्या मनात कोस मोजले असतील.

आता माझं सांगतो. नोकरीत असताना मी एकदा न केलेल्या प्रवासाचं बिल लावलं होतं. सगळे लावत. पुढे काही वर्षांनी जक्कयाचाच पाठ शिकवताना एका मुलानं विचारलं, ‘सर, चौपट म्हणजे व्याज धरून का?’ सगळे हसले. मला हसता आलं नाही. मी अर्ज लिहिला आणि पैसे परत करायला गेलो. हिशेबनीस साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘अहो, घेऊ कशात? यासाठी हेडच नाही.’ तीन आठवडे तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी रक्कम कुठल्याशा किरकोळ जमेत गेली. चौपट नव्हती, मूळचीच होती. तेवढी हिंमत नव्हती.

प्रामाणिकपणानं माणसं जवळ येतात असं मी मुलांना शिकवत आलो होतो. त्या वर्षी उलट झालं. रोज माझ्याबरोबर डबा खाणारा सहकारी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसू लागला. त्याचंही बिल तसंच होतं आणि माझ्या अर्जानं त्याची पंचाईत झाली होती. निवृत्त होईपर्यंत तो पूर्वीसारखा बोलला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुस्तकांत हे सांगत नाहीत.

ख्रिस्ती लोकांत जात नसते ना? मग सोयरीक जमवताना ‘तुम्ही मूळचे कोण?’ असं का विचारतात?

शास्त्रात नाही. ख्रिस्तात यहूदी नाही, ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, असं गलतीकरांस पत्रात स्वच्छ लिहिलंय. सरकारी कागदावरही एका अर्थानं नाही. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५०च्या आदेशाचा लाभ आधी हिंदूंपुरता होता, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाही. म्हणजे सरकारच्या लेखी बाप्तिस्म्याबरोबर जात जाते.

गावाच्या आणि घराच्या लेखी जात नाही. आमच्या भागातल्या बहुतेक मंडळ्यांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतून आले, थोडे इतर जातींतून. पाच पिढ्या झाल्या, आडनावं बदलली, नावं दाविद आणि रूथ झाली, पण स्थळ आलं की मामा हळूच विचारतात. ‘आपल्यातलेच ना?’ वसईच्या कॅथलिक मित्रांशी बोलताना कळतं की तिथली कुंपणं वेगळी आहेत, पण आहेत.

जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःला विचारला आणि कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचं. त्या वेळी त्या अजून नवऱ्याच्या धर्मात आलेल्या नव्हत्या, आणि या बाबतीत आजच्या आपल्या पुष्कळ जुन्या ख्रिस्ती घरांच्या पुढे होत्या.

आमच्या गायकवर्गातल्या एका मुलानं आणि एका मुलीनं लग्न ठरवलं. दोघंही बाप्तिस्मा झालेले, दोघंही पगारदार. तरी दोन्ही घरांतून विरोध झाला, आणि कारण कोणी तोंडानं बोलत नव्हतं. लग्न दुसऱ्या गावी लागलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी कोणी गेलं नाही. मी त्या दोघांना लहानपणापासून शिकवलेलं, आणि मीही गेलो नाही. शनिवारी कुणाच्या तरी हाती पाकीट पाठवलं. त्या मुलीनं पुढे कधी विषय काढला नाही, भेटली की अजून ‘जय ख्रिस्त, सर’ म्हणते. तिच्यापुढे उभं राहताना मला काय वाटतं ते या पानावर लिहिण्यासारखं नाही.

मंडळीत इतकी भांडणं, कोर्टकचेऱ्या. बाहेरच्यांना काय तोंड दाखवायचं?

जमीन, ट्रस्ट, पंच निवडणूक, धर्मादाय आयुक्तांकडचे अर्ज. भावाभावांनी एकमेकांना कोर्टात खेचण्यापेक्षा अन्याय सोसलेला काय वाईट, असं पौलानं करिंथकरांना विचारलं होतं. म्हणजे पहिल्या शतकातही हेच चालू होतं. समाधान मानण्यासारखं नाही, पण आपणच पहिले नव्हेत एवढं खरं. तरुणांना माझं एकच सांगणं असे: गटात जाऊ नका, आणि हिशेब मागताना आवाज चढवू नका, पण हिशेब मागा.

साक्ष म्हणजे धर्मांतर करणं का? लोक संशयानं बघतात.

घटनेच्या २५व्या कलमानं आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. आमिष, दबाव, फसवणूक यांना कायद्यात जागा नाही आणि शुभवर्तमानात तर मुळीच नाही.

पण संशय आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना शिक्षण मिळेल आणि धर्माच्या बाबतीत सक्ती नसेल, हा शब्द होता. रमाबाई स्वतः १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’नं झोड उठवली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात मी अजून पुरता एका बाजूला नाही. घरात मोकळेपणानं प्रार्थना करू नये, असं कोणी कोणाला कसं सांगणार? पण ज्या मुलीला जगात दुसरं छप्पर नाही तिच्यासाठी उघडं दार हे नुसतं दार नसतं, हेही खरं. रमाबाईंबद्दल मला खात्री वाटते ती पुढच्या गोष्टींवरून. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, ज्या पोरींना कोणी घेत नव्हतं त्यांना घेऊन केडगावला आल्या. तिथे शेती, विणकाम, छापखाना सगळं बायकांच्या हातून चालवलं. साध्या बाईला कळेल असं मराठी बायबल हवं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतराला बसल्या. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ साली. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. एकदा उतरून बघा.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. ज्या हातानं औषध दिलं त्याच हातानं त्याच दिवशी धर्मप्रसाराची पत्रिका द्यायची नाही. कोणी विचारलं तर मात्र टाळायचं नाही. पेत्रही तसंच म्हणतो, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. विचारायला कोणी येत नसेल तर का येत नाही याचा विचार आपण करावा.

स्वतःपुरतं चांगलं वागलं की झालं का? गावाच्या प्रश्नांचं काय?

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. पण वसईतल्या कित्येकांना ते आठवतात हरित वसईच्या चळवळीमुळे. बागायती, विहिरी, पाणी आणि जमिनी वाचवायला लोक रस्त्यावर उतरले तेव्हा हा धर्मगुरू त्यांच्यात होता, आणि त्या लोकांत सगळ्या धर्मांचे होते. जमिनीवर डोळा असलेल्यांशी वैर घेणं म्हणजे काय असतं ते वसईकरांना विचारावं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून काहींनी विरोध केला. पाठदुखीनं ते बेजार होते. चाकाच्या खुर्चीतून आले आणि बोलले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

सगळ्यांना एवढं जमणार नाही. ग्रामसभेला जाणं जमेल. आपल्यातले किती जण जातात?

माझाच विश्वास डळमळतो. अशा वेळी दुसऱ्यांपुढे काय उदाहरण ठेवणार?

बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून निरोप पाठवतो: ‘जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?’ ज्यानं यार्देनेत येशूचा बाप्तिस्मा केला त्याचा हा प्रश्न! येशू त्याच्यावर रागावत नाही. मदर तेरेसा गेल्या १९९७ साली. दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना आतून देवाची चाहूलच लागत नव्हती. कलकत्त्याच्या रस्त्यांवरचं काम त्या काळात एक दिवस थांबलं नव्हतं.

पाळकांशी बोला. किंवा ज्याच्याशी बोलवेल त्याच्याशी. भजन गाता येत नसेल तर मागच्या बाकावर गप्प बसा, बाकीचे गातील. आणि फार दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. तो अविश्वास नव्हे.

व्हॉट्सॲपवर रोज वचन पाठवणं ही साक्ष आहे का?

पहाटे पाचला, गुलाबाच्या चित्रावर, चाळीस जणांना? माझ्या बहिणीनं मला म्यूट केलंय.

मी ख्रिस्ती नाही. तुमच्या उपासनेला आलो तर चालेल का?

चालेल काय, या. आमच्याकडे सकाळी साडेनऊची वेळ असते आणि पावणेदहाला सुरुवात होते. चपला खेड्यातल्या चर्चमध्ये बहुधा बाहेर काढतात, शहरात नाही. दारातल्या गर्दीकडे बघून ठरवा. कुठेही बसा, फक्त तिसरा बाक सोडून. तिथे एक आजी गेली कित्येक वर्षं बसतात आणि त्या उठवतात. गीतं उभं राहून गातात. टिळकांची असली तर चाल तुम्हाला ओळखीची वाटेल, ओव्या-अभंगांच्या वळणाची. अर्पणाची थैली फिरेल, ती पुढे सरकवली तरी कोणी बघत नाही. प्रभूभोजन असेल त्या दिवशी भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेलेच घेतात, तेवढा वेळ बसून राहायचं. तुमचं नाव पुकारून उभं करणार नाहीत ना, अशी धास्ती असेल तर दाराशी सेवक उभे असतात त्यांना आधीच सांगा. नंतर मागच्या पडवीत चहा असतो. कप कमी पडतात, म्हणून जरा लवकर जा.